वाचकांचे प्रश्न : उशाशी बसलेल्या माणसाशी कसं बोलायचं?

रुग्णाशी कसं बोलावं हे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये, नर्सिंग फाउंडेशनच्या पेपरात, संवादावर घटक आहे. पण रुग्णाच्या उशाशी दिवसरात्र बसलेल्या बायकोशी, सुनेशी, मुलाशी कसं बोलावं हे विद्यार्थी बहुधा वॉर्डातच उचलतात. वॉर्ड जसा बोलतो तसे तेही बोलायला लागतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही आम्ही थोडक्यात देत आहोत. उत्तरं नर्सिंगच्या शिक्षकांनी आणि पॅलिएटिव्ह सेवेतल्या (दुर्धर आजारात त्रास कमी करणाऱ्या) परिचारिकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या मुली एम्पथीची, म्हणजे समानुभूतीची, व्याख्या पेपरात बिनचूक लिहितात. वॉर्डात मात्र पेशंटची बायको रडायला लागली की 'रडू नका, सगळं नीट होईल' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे सरकतात. लेक्चरमध्ये आणखी काय सांगू? — ट्यूटर, नाशिक

लेक्चरमध्ये काहीच वाढवू नका. स्नायूत द्यायचं इंजेक्शन आपण व्याख्येवरून शिकवत नाही. आधी करून दाखवतो, मग मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) करून घेतो, मग शेजारी उभं राहून पेशंटवर करू देतो. बोलणंही तसंच शिकवावं लागतं.

आधी ती मुलगी 'रडू नका' का म्हणते ते बघा. तिला वाटतं, आपण काहीतरी विचारलं म्हणून बाई रडली. गप्प राहिले तर मला काही येत नाही असं दिसेल, ही दुसरी भीती. तिसरं कारण अगदी साधं आहे: अजून पाच खाटांचे व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी) घ्यायचे असतात. म्हणून ती बोलणं मिटेल असं वाक्य शोधते. समोरच्या बाईला ते बरोबर कळतं. ती डोळे पुसून 'हो सिस्टर' म्हणते, आणि तिच्या मनात होतं ते तसंच राहतं.

तेव्हा पहिली गोष्ट शिकवायची ती थांबण्याची. रडणं सुरू झालं की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, त्या वेळात हात स्थिर ठेवायचे आणि फाइल उघडायची नाही. दहा सेकंद ऐकायला कमी वाटतात, वर्गात घड्याळ लावून करून बघा, मुली सहाव्या सेकंदाला बोलतात. मग जे दिसतंय तेवढंच बोलायचं: 'खूप थकलेल्या दिसताय', 'आज डॉक्टर बोलल्यापासून तुम्ही गप्प आहात.' 'तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतं' हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांना बोलूच देत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीनं पन्नाशीच्या बाईला ते म्हटलं तर समोरून 'तुला काय कळणार' हेच येतं, आणि ते रास्त असतं. त्यानंतर एक मोकळा प्रश्न, एकच: 'सगळ्यात जास्त कसली काळजी वाटते?' माहिती द्यायची ती या सगळ्याच्या शेवटी आणि विचारून: 'नळीबद्दल थोडं सांगू का आत्ता, की तासाभरानं येऊ?' विद्यार्थी हमखास हा क्रम उलटा करतात. भावनेला माहितीनं उत्तर देतात. बाई म्हणते, 'यांचं काही बरं दिसत नाही हो', आणि मुलगी सोडियम किती आलं ते सांगते.

सराव तिघींच्या गटात घ्या: एक नर्स, एक नातेवाईक, एक निरीक्षक. नातेवाइकाला कार्ड द्या. पुढच्या बाजूला सगळ्यांना माहीत असलेलं: 'वय ४२. सासऱ्यांना पक्षाघात, आज नववा दिवस. रात्री तुम्हीच थांबता.' मागच्या बाजूला आपणहून न सांगायचं: 'मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे. घराबद्दल कोणी विचारलं तरच सांगा. काळजी करू नका असं म्हटलं की फक्त हो म्हणा आणि खाली बघा.' कार्डातली खरी गंमत या शेवटच्या सूचनेत आहे, कारण चुकीच्या वाक्याचा परिणाम मुलीला तिथल्या तिथे दिसतो.

संभाषण चार मिनिटांचं. निरीक्षकानं मत लिहायचं नाही, उच्चारलेली वाक्यं जशीच्या तशी टिपायची. मग आधी 'नर्स' बोलेल, नंतर 'नातेवाईक' सांगेल की कुठे बोलावंसं वाटलं आणि कुठे तोंड मिटलं, मग निरीक्षक ती दोन-तीन वाक्यं वाचून दाखवेल. ज्या वाक्यावर गाडी अडली तिथूनच पुन्हा एक मिनिट करायचं, पहिल्यापासून नाही. एक फेरी पंधरा मिनिटांची, अदलाबदल करून तीन फेऱ्यांत पाऊण तास जातो. एका वेळी सहा-सात गटांहून जास्त घेऊ नका. साठ मुली एकाच हॉलमध्ये बसवल्या तर शिक्षिकेला काही ऐकू येत नाही आणि मागचे गट सिनेमाच्या गप्पा मारतात.

यात बिघडतं काय? नातेवाईक झालेली मुलगी मैत्रिणीला सांभाळून घेते आणि पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून टाकते. किंवा सिनेमातल्यासारखी हंबरडा फोडते आणि वर्ग हसतो. दोन्हींवर उपाय तोच: कार्डावर किती बोलायचं ते स्पष्ट लिहा. तिसरी चूक शिक्षकांची, विद्यार्थिनीच्या दुसऱ्याच वाक्याला मध्ये पडण्याची. चार मिनिटं तोंड बंद ठेवा. आणि कार्डं वाटायच्या आधी सांगा की कोणाच्या घरी अलीकडे आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तर कार्ड बदलून मिळेल, कारण विचारलं जाणार नाही.

वॉर्डातल्या सरावासाठी मानसिक आरोग्य परिचर्येत वापरतात ती प्रोसेस रेकॉर्डिंगची वही नातेवाइकांसाठीही वापरा. दहा मिनिटांचं संभाषण, तासाभरात लिहून काढायचं, चार रकाने: ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं, आता काय म्हणेन. नाव आणि खाट क्रमांक लिहायचा नाही. एका पोस्टिंगला दोन पुरेत. आठ मागितलीत तर सहा होस्टेलवर बसून रचलेली मिळतील.

प्रश्न : दुपारच्या ड्युटीला वॉर्डात शिरले आणि एका पेशंटचा मुलगा ओरडला, 'सलाईन कधीचं संपलंय, कोणी बघत नाही, आणि आता शिकाऊ पोरींना पाठवता!' मी म्हणाले, 'मी आत्ताच आले, माझी काही चूक नाही.' तो आणखीच भडकला. काय बोलायला हवं होतं? — विद्यार्थिनी, सोलापूर

तुमचं वाक्य खरं होतं, पण ते तुमच्याबद्दल होतं. तो बापाबद्दल बोलत होता.

अशा वेळी आधी हात, मग तोंड. सलाईन खरंच संपलं असेल तर क्लॅम्प बंद करा, नळीत रक्त उलटं आलंय का बघा. तुम्ही खाटेकडे वळलात एवढ्यानंच निम्मा आवाज खाली येतो. मग: 'किती वेळ झाला संपून? तुम्ही कोणाला सांगितलं होतं?' उत्तर ऐकून घ्या आणि ते त्याला परत सांगा: 'दोनदा सांगूनही कोणी आलं नाही. राग येणारच.' इथे वॉर्डाची बाजू मांडायला जाऊ नका. स्टाफ कमी आहे, सकाळच्या सिस्टर इमर्जन्सीत होत्या, हे सगळं खरं असेल, पण त्या क्षणी ते त्याला सबब वाटतं. त्यानंतर आपली मर्यादा सांगा: 'मी विद्यार्थिनी आहे. पुढची बाटली लावायची की नाही ते स्टाफ सिस्टर सांगतील. मी त्यांना विचारून दहा मिनिटांत येते.'

आणि दहा मिनिटांत या. उत्तर मिळालं नसलं तरी या आणि 'अजून सिस्टर मोकळ्या झाल्या नाहीत, मी पुन्हा दहा मिनिटांनी येते' एवढं सांगा. बोलण्यात चुकलेलं माणसं विसरतात. येते म्हणून न येणं विसरत नाहीत.

उभं राहायचं ते खाटेच्या बाजूला, त्याच्या अगदी समोर नाही. दीड हात अंतर ठेवा, आणि दाराकडची वाट आपल्या बाजूला असू द्या. कोणी हात उगारला, दारूचा वास आला, दोनाचे सहा झाले तर संवादकौशल्याचा तास संपला: बाजूला व्हा, इन्चार्ज सिस्टर आणि सुरक्षारक्षकांना बोलवा. वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तो कायदा तुम्हाला माहीत असावा, पण ओरडणाऱ्या मुलाला तो ऐकवायला जाऊ नका.

प्रश्न : सासूबाईंना नाकातून नळी घालून घरी सोडलं. डिस्चार्जच्या गडबडीत एका शिकाऊ सिस्टरनं पाच मिनिटांत सगळं सांगितलं, 'समजलं ना?' विचारलं, मी हो म्हणाले. घरी आल्यावर पहिल्या फीडला (नळीतून पातळ अन्न देताना) हात थरथरत होते. आम्हाला कसं शिकवावं हे त्या मुलींना कोणी शिकवतं का? — सून, सातारा

तुम्ही हो म्हणालात त्यात नवल नाही. 'समजलं ना?' या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. गणवेशातल्या माणसासमोर, बाहेर रिक्षा उभी असताना, कोण नाही म्हणेल?

विद्यार्थ्यांनी विचारायचं ते असं: 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर पहिलं फीड कसं द्याल ते मला करून दाखवता?' परीक्षा सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे. चुकलं तर 'असं नाही' म्हणायचं नाही. 'ही पायरी मी पुन्हा दाखवते' म्हणायचं. आणि हे डिस्चार्जच्या दिवशी नाही. नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक फीड नातेवाइकाच्या हातून व्हायला हवं: पहिल्या दिवशी बघणं, दुसऱ्या दिवशी सिरिंज धरणं, तिसऱ्या दिवशी सगळं स्वतः आणि सिस्टर शेजारी.

तुमच्या उपयोगासाठी पायऱ्याही सांगतो. रुग्णालयानं तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. डोकं ३० ते ४५ अंश वर, म्हणजे पाठीमागे दोन-तीन उशा, नुसती मानेखाली एक नाही. नाकपुडीपाशी नळीवर असलेली खूण जागच्या जागी आहे का बघायची. सिरिंजनं थोडं ओढून पोटातला द्राव येतो का पाहायचं. मग ३० मिली पाणी. फीड गाळलेलं, कोमट, एका वेळी साधारण २०० मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, उंच धरायची आणि फीड आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्यानं जोरात ढकललं की उलटी होते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. गोळ्या फीडमध्ये मिसळायच्या नाहीत. एकेक कुटून, पाण्यात विरघळवून, वेगळी द्यायची. हळूहळू विरघळणाऱ्या आणि विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, त्यांना पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. फीड चालू असताना खोकला, धाप किंवा ओठ निळे दिसले तर तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. नळी बाहेर आली तर घरी परत सरकवू नका.

शिक्षकांनी यातून घ्यायचं ते एवढंच: वरच्या परिच्छेदात पंधराएक सूचना आहेत. झोप न झालेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी तीन राहतात. एका बैठकीत तीनच सांगा. आणि तांत्रिक सूचनेच्या आधी एक वाक्य हवंच: 'नळी बघून भीती वाटते का?' ती भीती बाहेर आली नाही तर हात थरथरतो आणि सगळं पाठ असूनही चुकतं.

प्रश्न : आमच्या वॉर्डात खाटेजवळ एक जण, पैसे भरायला दुसरा आणि निर्णय घ्यायला तिसराच असतो. तो तिसरा बहुतेक फोनवर असतो. विद्यार्थ्यांनी एम्पथी दाखवायची तरी कोणाला? — इन्चार्ज सिस्टर, नागपूर

हा प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकांत नीटसा भेटत नाही, कारण तिथे बहुधा एक 'केअरगिव्हर' धरलेला असतो. आपल्याकडे खाटेभोवती कुटुंब असतं, आणि त्यात सगळ्यात जास्त काम करणाऱ्या बाईला सगळ्यात कमी विचारलं जातं. राऊंडला डॉक्टर मुलाशी बोलतात. अंग पुसणारी, लघवीची पिशवी रिकामी करणारी सून दोन पावलं मागे उभी असते.

कम्युनिटी पोस्टिंगला विद्यार्थी फॅमिली ट्री काढतात, तेच इथे पहिल्या दिवशी काढायला लावा आणि त्यावर तीन खुणा करायला सांगा: रात्री कोण थांबतं, डॉक्टरांशी कोण बोलतं, आणि रुग्णाला स्वतःला कोण जवळचं वाटतं. तिन्ही खुणा एकाच माणसावर पडल्या तर काम सोपं. बहुधा पडत नाहीत.

रात्री थांबणाऱ्या माणसाला चार प्रश्न रोज विचारायचे, आजाराबद्दल एकही नाही: रात्री सलग किती झोप मिळाली? शेवटचं बसून जेवण कधी झालं? तुमची स्वतःची बीपी-शुगरची गोळी चालू आहे का, आणि घेताय का? एक रात्र तुमच्या जागी कोण येऊ शकेल? तिसऱ्या प्रश्नाला धक्कादायक उत्तरं मिळतात. नवऱ्याच्या गोळ्या मिनिट चुकवू न देणारी बाई स्वतःच्या गोळ्या गावी विसरून आलेली असते. बाहेरगावच्या नातेवाइकाला पाचवा प्रश्न: 'उतरलात कुठे?' परळच्या टाटा रुग्णालयात हा प्रश्न न विचारता बोलणं पुढे सरकतच नाही. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतं, कोणी दूरच्या चुलत्याकडे विरारला, कोणी फुटपाथवर. 'सकाळी सातला या' असं त्यांना सांगण्याआधी ते माहीत हवं.

काळजी घेणाऱ्या माणसावरचा भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची मोजणी आहे, १९८० च्या मूळ २९ प्रश्नांच्या मोजणीवरून केलेली. दीर्घ आजारात, डिमेन्शियात, घरभेटीला ती चांगली. तीव्र आजाराच्या वॉर्डात विद्यार्थ्यानं तो कागद हातात ठेवला तर मात्र तो आणखी एक फॉर्म होतो.

फोनवरच्या मुलाबद्दल: तो न्यूयॉर्कला असेल तर तिथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे, ऋतूनुसार, सकाळचे साडेसहा किंवा साडेसात. म्हणजे त्याचा फोन नेमका ड्युटी बदलताना ओव्हर देण्या-घेण्याच्या सुमारास येतो, आणि त्याला तुटक उत्तर मिळतं. विद्यार्थ्यानं फोनवर रिपोर्ट सांगायचे नाहीत, तो अधिकार त्याचा नाही. पण 'इतक्या लांबून नुसतं फोनवर ऐकणं अवघड जात असेल. डॉक्टरांची वेळ विचारून तुमच्या वहिनींकडे निरोप ठेवते' एवढं म्हणता येतं. लांबच्या मुलाच्या हुकमी आवाजात पुष्कळदा आपण तिथे नाही याची टोचणी असते. हे एकदा समजावून सांगितलं की मुली त्या आवाजाला तितक्या घाबरत नाहीत.

प्रश्न : 'बाबांना कॅन्सरचं सांगू नका' असं मुलगी हात धरून सांगते. रुग्णाचा हक्क शिकवलाय, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. — विद्यार्थिनी, जीएनएम तिसरं वर्ष, कोल्हापूर

हक्काचं वाक्य तिथे काढू नका. निदान सांगणं हे तुमचं काम नाही आणि खोटं बोलणंही नाही, या दोन भिंतींमध्ये पुष्कळ जागा आहे.

आधी कारण विचारा: 'सांगितलं तर काय होईल असं वाटतं?' बहुतेकदा उत्तर येतं, खचतील, जेवण सोडतील. ते उत्तर मान्य करा: 'तुम्ही त्यांना जपताय.' मग: 'त्यांनी तुम्हाला काही विचारलं का?' इथे बऱ्याचदा मुलगी रडते, कारण बाबांनी विचारलेलं असतं, किंवा विचारायचं बंद केलेलं असतं. मग आपली बाजू स्वच्छ सांगायची: 'मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, डॉक्टरांशी बोलू म्हणेन. तुमचं म्हणणं मी आजच इन्चार्ज सिस्टरांना सांगते.' आणि खरोखर सांगा, नोंदही करा.

बाबांनी विचारलंच, 'मला काय झालंय?', तर 'असं का वाटलं तुम्हाला?' हा प्रश्न टाळाटाळ नाही. त्यांना किती माहीत आहे ते त्यातून कळतं. मग 'हे डॉक्टरांनी तुमच्याशी बसून बोलायला हवं, मी आज त्यांच्या कानावर घालते.'

वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली गेली, ती डॉक्टरांसाठी. विद्यार्थिनीचं काम तिच्या दोन टोकांना आहे. आधी दोन खुर्च्या, पडदा, पाणी आणि फोन सायलेंट. डॉक्टर गेल्यावर तिथेच थांबणं, आणि थोड्या वेळानं विचारणं: 'डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय काय आठवतंय?' बातमीचा शब्द कानावर पडल्यानंतरचं फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून उपचाराचं वेळापत्रक पुन्हा सांगावं लागतं, दुसऱ्या दिवशी, कागदावर लिहून.

प्रश्न : मी केरळची, पुण्यात शिकते. मराठी जेमतेम येतं. आजीबाई भराभर बोलतात आणि मी नुसती हसते. — विद्यार्थिनी, पुणे

हसू नका, दुःखाची गोष्ट चालू असेल तर ते फार लागतं. तीन वाक्यं पक्की करा: 'आजी, हळू सांगा, मला मराठी थोडं कमी येतं', 'म्हणजे असं का?' आणि 'थांबा, मी सिस्टरना घेऊन येते.' हाक मारताना आजी, काका, ताई, दादा चालतं. 'मावशी' जपून, कारण वॉर्डात मावशी म्हणजे आया, आणि एखाद्या शिक्षिका असलेल्या बाईला ते आवडणार नाही. वयानं मोठ्या माणसाला 'तू' जाऊ देऊ नका. मल्याळममधून मराठीत येताना क्रियापदाचं रूप चुकतं आणि आदर निसटतो, म्हणून 'बसा, सांगा, घ्या' ही रूपं आधी घोटा. मराठीच मुलींनाही नंदुरबारच्या अहिराणीपुढे किंवा सिंधुदुर्गातल्या मालवणीपुढे असंच होतं, तेव्हा संकोच नको. लहान मुलाला दुभाषी करू नका.

प्रश्न : एम्पथीला मार्क कसे द्यायचे? चेकलिस्ट केली तर मुली पोपटासारखं बोलतात. — प्राचार्य, छत्रपती संभाजीनगर

बोलणारच. 'समानुभूतीचं वाक्य उच्चारलं : १ गुण' असं लिहिलंत तर ते वाक्य दारातूनच फेकलं जाईल.

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ओस्की पद्धत (ठरावीक वेळेच्या एकेका स्टेशनवर द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) इथे चालते, पण स्टेशन पाच मिनिटांचं करू नका, आठ तरी द्या. वीस गुणांची वाटणी आम्ही अशी सुचवू: दहा गुण वागण्याच्या एकूण दर्जाला, पाच दिलेल्या माहितीच्या अचूकतेला, आणि पाच नातेवाईक झालेल्या व्यक्तीनं द्यायचे, 'या मुलीला मी पुन्हा काही विचारेन का' या एकाच प्रश्नावर. दहा गुणांसाठी वर्णनं लिहून ठेवा. शून्य ते तीन: भावना दिसली तरी माहिती देत राहिली. चार ते सहा: भावनेची दखल घेतली, पण उत्तर ऐकायला थांबली नाही. सात ते दहा: थांबली, आणि पुढचं बोलणं ऐकलेल्या उत्तरावरून ठरवलं. गुण देण्याआधी दोन परीक्षकांनी एकच व्हिडिओ बघून आपापले गुण ताडून पाहावेत. तीनहून जास्त फरक पडला तर वर्णनं पुन्हा लिहा.

नातेवाईक म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुली नकोत, परीक्षार्थी त्यांना ओळखतात. गावातल्या हौशी नाट्यसंस्थेतली माणसं मिळतात आणि ती दिवसभरात वीसदा तेच दुःख तसंच उभं करू शकतात. त्यांना एवढंच बजावावं लागतं की टाळ्यांसाठी काही करायचं नाही. दर पाच विद्यार्थ्यांनंतर दहा मिनिटं विश्रांती द्या, नाहीतर दुपारच्या मुलींना थकलेला नातेवाईक मिळतो.

एम्पथी मोजणारी जेफरसन मोजणी वापरायची तर जरूर वापरा, पण ते वीस प्रश्न विद्यार्थी स्वतःबद्दल भरतो. बॅचचा कल बघायला ठीक. एका मुलीला त्यावरून गुण देणं म्हणजे तिला स्वतःचा पेपर तपासायला देणं.

प्रश्न : मी मेल नर्सिंग स्टुडंट. बायका 'ब्रदर'शी मोकळं बोलत नाहीत. — विद्यार्थी, लातूर

बोलायला हव्यात असा हट्टही नको. पडदा न ओढता, बसून, विषय खाटेवरच्या माणसाचा ठेवून सुरुवात करा: 'काका घरी असताना दिवसभर काय करायचे?' खासगी काही असेल तर 'सिस्टरांना पाठवू का?' हे आधीच विचारा. आणि पुरुष नातेवाइकांकडे लक्ष द्या. बायकोची शी-शू काढणारा नवरा वॉर्डात कोणाशीच बोलत नाही. त्याला तुमच्याशी बोलणं सोपं जातं.

प्रश्न : हे सगळं कॉलेजात ठीक. एका स्टाफवर तीस पेशंट असताना वेळ कुठून आणायचा? — स्टाफ नर्स, ठाणे

वेगळा वेळ काढू नका, मिळायचा नाही. जे काम नातेवाइकासोबत होतं त्यात बोला: चादर बदलताना, अंग पुसताना, कूस बदलताना. दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि त्याला दोन माणसं लागतातच. पलीकडच्या बाजूला ती उभी असते. 'तुमची पाठ कशी आहे?' हा प्रश्न तिथे आपसूक येतो, गुडघे वाकवून कसं उचलायचं तेही शिकवून होतं, आणि दोन मिनिटांत खाटेचं कामही आटोपतं. ड्रेसिंगच्या वेळी बोलू नका, लक्ष जखमेवर हवं. बीपी घेताना तर अजिबात नको: स्टेथो कानात असताना बाई काय म्हणाली ते ऐकू येत नाही, आणि पेशंट मध्ये बोलला तर आकडाही वर जातो.